'कंट्रोल' म्हणजे नेमकं काय हो?



माझं गाव ईट. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. एमएस्सीला हॉस्टेलवर आले तेव्हा गावाचं नाव सांगितलं की मैत्रिणी हसायच्या. "ईट? म्हणजे खा?" गावाच्या नावातच इंग्रजी क्रियापद आहे म्हणून चिडवायच्या. आमचा तालुका खव्याचा, त्यामुळे 'खा' म्हटल्याचं मला काही वाईट वाटायचं नाही. पण आज ज्या इंग्रजी क्रियापदाबद्दल लिहायचंय ते वेगळं आहे. ते म्हणजे 'कंट्रोल'. या एका शब्दावरून माझं आणि आमच्या आप्पांचं एक अख्खं खरीप वाजलं, आणि याच शब्दानं माझ्या पीएचडीतले पाच महिने खाल्ले.

झालं असं. त्या वर्षी जुलैच्या शेवटी आठ दिवस पाऊस लागून राहिला. सोयाबीन पिवळं पडलं. मग उघडीप मिळाली, वाफसा आला, आणि आप्पांनी फवारणी केली. पंपात अळीचं औषध आणि त्याच्यातच दुकानातून आणलेलं टॉनिक. आठवड्याभरात पीक हिरवंगार. आप्पांचा फोन आला, "बघ पोरी, पिवळेपणा कंट्रोल झाला."

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अंगात भलताच उत्साह. म्हटलं, "आप्पा, पण तुमच्याकडं कंट्रोल कुठंय?"

"आगं, आत्ताच सांगितलं की कंट्रोल झालं म्हणून!"

"तसं नाही. न फवारलेल्या चार ओळी ठेवायच्या होत्या. त्याला कंट्रोल म्हणतात."

आप्पा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे चार वळी अळीला सोडायच्या? ह्याला कंट्रोल म्हणत्येत व्हय तुमच्या कॉलेजात?"

मी तेव्हा चिडले. पण प्रश्न अगदी रास्त होता. आप्पांचा कंट्रोल म्हणजे एखादी गोष्ट हातात घेणं. माझा कंट्रोल म्हणजे त्याच गोष्टीला हात न लावणं. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे काय?

रोजच्या बोलण्यातला कंट्रोल

आधी आपण हा शब्द कसा वापरतो ते बघू. "शुगर कंट्रोलमध्ये आहे." "गाडीवरचा कंट्रोल सुटला." "हसू कंट्रोल होईना." "पोरगं आता आईच्या कंट्रोलमध्ये नाही राहिलं." कॉम्प्युटरवर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. टीव्हीचा रिमोट कंट्रोल, आणि १९९५ च्या युती सरकारच्या काळापासून महाराष्ट्राच्या राजकारणातलाही रिमोट कंट्रोल.

गंमत बघा, मराठीत या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द आहे. गाडीवर ताबा असतो. हसू आवरतात. रोगाला आळा घालतात. बैलाला वेसण असते आणि कासरा आपल्या हातात असतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत 'बर्थ कंट्रोल'चं केंद्र काढलं तेव्हा त्या कामासाठी मराठीत शब्द वापरला तो 'संततिनियमन'. नियंत्रण नव्हे, नियमन. म्हणजे मूल होणं दाबून टाकणं नाही, तर कधी आणि किती हे ठरवणं. इंग्रजी एकाच शब्दावर भागवतं, आपण पाच-सहा शब्दांत वाटून घेतो. आता मात्र आपणही बहुतेक ठिकाणी 'कंट्रोल करणे' म्हणून मोकळे होतो.

या सगळ्या वापरांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी वर आहे, काहीतरी खाली आहे, आणि वरच्याचं खालच्यावर चालतं. आप्पांचा 'कंट्रोल झाला' तो हाच.

कंट्रोलचं दुकान

पण आमच्या भागात या शब्दाचा अजून एक अर्थ आहे. "कंट्रोल आलंय, पिशवी घे." "हे कंट्रोलचे गहू आहेत." म्हणजे रेशन दुकान आणि तिथलं धान्य. मराठवाडा-विदर्भात हे सर्रास ऐकू येतं. लहानपणी मला वाटायचं हा मराठीच शब्द आहे.

हा शब्द आला दुसऱ्या महायुद्धात. धान्याची टंचाई, भाव गगनाला भिडलेले, म्हणून सरकारनं भावावर आणि वाटपावर कंट्रोल आणलं. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथे शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य घेतलं जायचं. युद्ध संपलं, पण कंट्रोल संपलं नाही. १९४७ च्या अखेरीस गांधीजींनी ही बंधनं उठवा असा आग्रह धरला, ती काही काळ उठलीही, आणि भाव चढल्यावर पुन्हा आली. पुढे १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. आज २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. 'भाव कंट्रोल करणे' हे क्रियापद असं लोकांच्या तोंडात दुकानाचं नाव होऊन बसलं.

आता या दुकानातली एक गोष्ट आठवा. अंगठ्याचं मशीन येण्याआधी काय व्हायचं? दुकानदार आपल्या रजिस्टरमध्ये लिहायचा, अमुक किलो गहू, अमुक किलो साखर. आणि तेच तुमच्या कार्डावर चढवायचा. आई मला दुकानात पाठवताना सांगायची, "कार्डावर बरोबर चढवलंय का बघून ये." कारण त्याच्या रजिस्टरमध्ये २० किलो आणि आपल्या कार्डावर १५ असं झालं, तर मधले ५ किलो कुठे गेले हे विचारता येतं. एकच वही असली तर विचारता येत नाही.

हे लक्षात ठेवा. कारण 'कंट्रोल' या शब्दाचा जन्म अगदी याच गोष्टीतून झालाय.

दुसरी वही

मध्ययुगीन युरोपात हिशेब चामड्याच्या किंवा कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहायचे. लॅटिनमध्ये ती गुंडाळी म्हणजे 'रोतुलुस', इंग्रजीत 'रोल'. हजेरीपटाचा 'रोल नंबर' त्यातलाच. खजिनदार एका गुंडाळीवर हिशेब लिहायचा, आणि त्याच हिशेबाची दुसरी गुंडाळी वेगळा माणूस ठेवायचा. या दुसऱ्या गुंडाळीला म्हणायचे 'कोंत्रा-रोतुलुस', म्हणजे समोरासमोर धरायची वही. त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत आलं 'कंट्रोल'. म्हणजे मुळात कंट्रोल करणं म्हणजे ताब्यात घेणं नव्हेच. दोन वह्या शेजारी ठेवून पडताळणं.

फ्रेंचमध्ये अजूनही हा अर्थ जिवंत आहे. तिथे गाडीत तिकीट तपासणारा तो 'कोंत्रोलर'. आपल्याकडेही आहे. 'कॅग' म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, त्यातलं 'नियंत्रक' हे या 'कंट्रोलर'चंच भाषांतर. इंग्रजीत त्या पदाच्या स्पेलिंगमध्ये मध्येच एक 'पी' घुसलाय, कारण कुणालातरी वाटलं की हा शब्द हिशेबाच्या फ्रेंच शब्दावरून आला असावा. काम मात्र तेच, वह्या तपासणं.

जो हिशेब तपासतो त्याच्याच हातात हळूहळू सत्ता येते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तसा या शब्दाचा अर्थही तपासण्याकडून ताब्याकडे सरकला. पण विज्ञानात, एकोणिसाव्या शतकापासून, 'कंट्रोल' हा शब्द जुन्याच अर्थानं वापरात आला. प्रयोगातला कंट्रोल म्हणजे दुसरी वही.

प्रयोगातला कंट्रोल

आता आप्पांच्या सोयाबीनकडे या. आपल्याकडे चुनखडीच्या काळ्या रानात सतत पाणी साचलं की मुळांना लोह घेता येत नाही, आणि सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात. रान वाफशावर आलं की बऱ्याच वेळा पीक आपोआप हिरवं होतं. आणि फवारणी कधी करता येते? रानात शिरता आलं तर, म्हणजे वाफसा आल्यावरच! पिकाची सुधारणा आणि फवारणी दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात. मग हिरवेपणा कुणामुळे आला, टॉनिकमुळे की वाफशामुळे? एकाच वहीवरून हे कळणार नाही. शेजारी तीच जमीन, तोच पाऊस, तेच बियाणं, पण टॉनिक नाही, अशी दुसरी वही लागते.

शेतीतली ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८४३ पासून एका शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्टीला तेव्हापासून कुठलंही खत घातलेलं नाही. वेडेपणा वाटेल, पण बाकीच्या पट्ट्यांतल्या खताचा फायदा किती हे सांगते ती ही उपाशी पट्टी. पुढे तिथेच काम करताना आर. ए. फिशर यांनी सांगितलं की कुठल्या पट्टीला काय द्यायचं हे आपल्या मर्जीनं ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. नाहीतर माणूस नकळत चांगल्या रानातच आपलं लाडकं खत घालतो. हे शास्त्र आपल्याकडे शिकवणारं एक गाजलेलं पुस्तक दोन मराठी माणसांनी लिहिलंय, वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. १९५४ मध्ये ते आलं आणि कृषी विद्यापीठांत आजही 'पानसे-सुखात्मे' एवढंच म्हटलं तरी कळतं.

औषधांचंही तेच. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात २५,८०० स्वयंसेवक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना लशीसारखीच दिसणारी पण लस नसलेली सुई. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

माझे पाच महिने

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी आपटले.

माझं काम सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवर आहे. पाणी कमी पडलं तर काही जिवाणू झाडाला तग धरायला मदत करतात का, हे मी कुंड्यांमध्ये बघते. पहिल्या मोठ्या प्रयोगात अर्ध्या कुंड्यांना जिवाणूंचं द्रावण दिलं, अर्ध्या कुंड्यांना काहीच नाही. जिवाणूवाल्या कुंड्या उजव्या निघाल्या. आलेख काढले, खूश होऊन विभागात दाखवले. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "जिवाणू वाढवले कशात?"

जिवाणू वाढवायला साखर आणि प्रथिनं घातलेलं पाणी लागतं. म्हणजे मी कुंड्यांना जिवाणू दिले आणि सोबत खाऊही दिला, पाणीही जास्त दिलं. झाडं जिवाणूंमुळे वाढली की त्या खाऊमुळे? माझ्या दोन वह्यांत एक नाही, तीन फरक होते. खरा कंट्रोल म्हणजे तेच द्रावण, तेवढंच, त्याच दिवशी, फक्त उकळून जिवाणू मारलेलं. प्रयोग पहिल्यापासून परत करावा लागला.

त्या रात्री मला आप्पांचं बोलणं आठवलं. "चार वळी अळीला सोडायच्या?" मी त्यांना चुकीचा सल्ला दिला होता. त्यांच्या पंपात अळीचं औषध आणि टॉनिक एकत्र होतं. काहीच न फवारलेल्या ओळी मागे पडल्या असत्या, तर त्या टॉनिक नसल्यामुळे की अळीनं खाल्ल्यामुळे, हे कळलंच नसतं. कंट्रोल म्हणजे काहीच न करणं नव्हे. ज्या एका गोष्टीबद्दल प्रश्न आहे ती सोडून बाकी सगळं तसंच करणं. आप्पांना सिद्धांत माहीत नव्हता, पण माझ्या प्रयोगातली खोट त्यांना माझ्या आधी दिसली होती.

बातमीतलं 'कंट्रोल केल्यावर'

एक तिसरा वापरही सांगून ठेवते, कारण तो संशोधनाच्या बातम्यांमागे लपलेला असतो. "वय आणि उत्पन्न कंट्रोल केल्यावरही फरक दिसला." इथे कुणी कुणाचं वय ताब्यात घेतलेलं नसतं. अर्थ एवढाच, की सारख्या वयाच्या, सारख्या उत्पन्नाच्या लोकांची आपसात तुलना केली.

उदाहरण घ्या. महागडं टॉनिक वापरणाऱ्यांचा उतारा गावात जास्त असतो, हे खरंही असेल. पण महागडं टॉनिक कोण घेतं? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो. मग पाणीवाल्याची तुलना पाणीवाल्याशीच आणि कोरडवाहूची कोरडवाहूशीच करा. फरक उरला तर टॉनिकबद्दल बोलू. अर्थात, पाणी मोजता येतं म्हणून त्याची अशी सोय लावता येते. जे मोजलंच नाही, म्हणजे शेतकऱ्याची मेहनत, पेरणीची वेळ, ते राहूनच जातं. म्हणून शक्य असेल तिथे चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग केव्हाही वरचढ.

मग आमच्या रानात काय झालं?

गेल्या खरिपात मी आप्पांना नीट विचारलं. "आप्पा, अळीचं औषध सगळीकडं मारा. फक्त टॉनिक काही पट्ट्यांत नको." त्यावर ते लगेच तयार झाले. त्यांचं नुकसान व्हायची भीतीच उरली नव्हती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आम्ही केलं ते असं:

- रानात तीन जागा निवडल्या. एक वरच्या अंगाला, एक मध्ये, एक ओढ्याकडे. कारण एका जोडीवर काहीच ठरत नाही.
- प्रत्येक जागी शेजारी शेजारी सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या. कुठल्या पट्टीला टॉनिक हे नाणं उडवून ठरवलं.
- बिनटॉनिकच्या पट्टीवर आधी फवारणी, मग त्याच पंपात टॉनिक घालून दुसरी पट्टी. पाणी आणि अळीचं औषध दोन्हीकडे सारखंच.
- दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन ओळी सोडल्या, वाऱ्यानं औषध उडतं म्हणून. त्या मोजणीत धरल्या नाहीत.
- कापणी एकाच दिवशी, मळणी वेगवेगळी, आणि वजन सारखं वाळवल्यावर. पोत्यावर नुसता नंबर टाकला, म्हणजे वजन करणाऱ्याला कुठलं पोतं कुठलं हे कळू नये.

वजन आलं. वरच्या अंगाला टॉनिकवालं थोडं जास्त, ओढ्याकडे थोडं कमी, मध्ये जवळजवळ सारखं. म्हणजे या वर्षी, आमच्या रानात, त्या बाटलीचे पैसे निघाले असं काही दिसलं नाही. एवढंच. सगळीच टॉनिकं खोटी असं यातून सिद्ध होत नाही. तीन जोड्यांवर, एका हंगामात, बारीक फरक पकडताही येत नाही. पण बाटलीवर लिहिलेला फरक बारीक नव्हता!

जाता जाता सांगते, अशा टॉनिकांपैकी 'जैव उत्तेजकं' २०२१ मध्ये 'खत नियंत्रण आदेश, १९८५' याच्या कक्षेत आणली गेली, आणि परवानगीसाठी शेतावरच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते. या 'नियंत्रण'मध्ये आता कंट्रोलचे दोन्ही अर्थ एकत्र आलेत. विक्रीवर ताबा, आणि त्यासाठी दुसरी वही.

आप्पांनी वजनाचा कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "म्हंजे हे कंट्रोलच्या कार्डासारखंच हाय. दुकानदाराच्या वहीपुढं आपली बी वही पायजे." मी त्यांना कोंत्रा-रोतुलुसबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

या वर्षी त्यांनी अळीचं औषध घेतलं, टॉनिक घेतलं नाही. दुकानात नवीन बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "न मारलेल्या पट्टीचं वजन हाय का?" नव्हतं.

पुढच्या लेखात सांगेन की तीन जोड्या कमी का पडतात आणि किती घेतल्या म्हणजे पुरे. तोवर तुमच्या गावात 'कंट्रोल' कशाकशाला म्हणतात ते मला नक्की कळवा.